एक पायरी कमी

सोमवारी संध्याकाळी कोपर्ड्यांच्या जिन्याला एकवीस पायऱ्या होत्या. मंगळवारी सकाळी बावीस झाल्या, आणि बाविसावी कुणी बांधली नव्हती.

सुलभाताईंनी त्या दोनदा मोजल्या. कोथिंबिरीची जुडीसुद्धा दोनदा झटकून घेणारी बाई. एका मोजणीवर विश्वास ठेवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. मग त्यांनी चन्नाप्पा मिस्त्रींना मोजायला लावल्या. मिस्त्रींनी पेन्सिल कानामागे खोचली, हवेत बोट नाचवत वरपर्यंत नेलं आणि परत आणलं.

"बावीसच हायत, वैनी."

"पण काल एकवीस होत्या ना?"

"व्हत्या की काल."

मिस्त्रींनी तंबाखू मळायला घेतली. जिने बांधण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि एका पायरीसाठी ते डोकं पिकवून घेणाऱ्यातले नव्हते.

जिना नवा करायचा तो रंगनाथरावांसाठी. ते एस.टी. स्टँडवर तीस वर्षं कंट्रोलर होते; गाड्या पुकारून पुकारून घरातही भोंग्यातून बोलल्यासारखे बोलायचे. दोन महिन्यांपूर्वी जुन्या जिन्याच्या शेवटच्या, सोळाव्या पायरीवर त्यांचा पाय चुकला आणि उजवा गुडघा गेला. ऑपरेशन झालं. कमोड वरच्या मजल्यावर, म्हणून चौघांनी त्यांना खुर्चीतून वर नेऊन ठेवलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, या शनिवारी स्वतःच्या पायांनी खाली उतरलेच पाहिजेत, नाहीतर गुडघा कायमचा धरेल.

शेजारच्या इनामदारकाकू बघायला आल्या आणि बोलून गेल्या, "सम पायऱ्या गं तुमच्या. उजवं पाऊल टाकून निघालेला माणूस डाव्यावर उतरणार. पडेल नाहीतर काय?"

सत्तावीस वर्षांपूर्वी घर बांधताना तेव्हाच्या गवंड्याने सतरावी पायरी घालू का म्हणून विचारलं होतं. सुलभाताईंनीच नको म्हटलं होतं. दाराशी बाक ठेवायला जागा हवी होती. त्या बाकावर नवरा-बायकोने सत्तावीस वर्षं चारचा चहा घेतला, आणि ही गोष्ट त्यांनी नवऱ्याला कधी सांगितली नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे, हे तो पडेपर्यंत त्यांनाही ठाऊक नव्हतं.

म्हणून या खेपेला मिस्त्रींना त्यांनी बजावूनच सांगितलं होतं, पायरी बुटकी हवी, सहा इंची, आणि संख्या विषम.

"मग एक काढा," त्या मंगळवारी म्हणाल्या.

मिस्त्रींनी एक काढली. दुपारपर्यंत चोवीस झाल्या. टेप लावून पाहिला. प्रत्येक पायरी सहा इंच, कमी ना जास्त. पायऱ्या वाढल्या तेवढाच वरचा मजला वर गेला होता.

"सुलभा!" वरून रंगनाथरावांचा आवाज आला. "अगं, मला इथून स्टँडचा पत्रा दिसायला लागलाय!"

"खिडकीत वाकू नका!"

"जत गाडी लागलीय बघ तीन नंबरला." फार दिवसांनी ते खुशीत होते.

करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, असं सुलभाताई स्वतःशी म्हणाल्या, पण त्यांना हसू आलं नाही. ओल्या सिमेंटवर पाय द्यायचा नाही म्हणून त्या खालीच राहत होत्या आणि जेवणाचा डबा दोरीने वर पाठवत होत्या. बुधवारी दोरी अपुरी पडली. त्यांनी तिला कपडे वाळत घालायची दोरी जोडली. गुरुवारी तीही पुरली नाही.

एक घातली की सम, एक काढली की सम. गुरुवारी अडतीस पायऱ्या होत्या, आणि जिन्याचा पाय दहा-दहा इंचांनी दाराकडे सरकत होता. चपलांचा कप्पा गेला. स्वयंपाकघराचं दार पायऱ्यांमागे गेलं. मग बाकाची पाळी आली.

"ह्याचं काय करायचं?" मिस्त्रींनी विचारलं.

सुलभाताईंनी बाकावरून एकदा हात फिरवला. चहाच्या कपांचे गोल डाग होते, दोन, शेजारी शेजारी.

"काढा," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींची बायको महादेवी घमेली वाहायची. तिने चुंबळ ठेवून बाक डोक्यावर घेतला आणि रस्त्यावर नेऊन ठेवला. परत आली तेव्हा दारातून आत यायला तिला अंग तिरकं करावं लागलं.

"अक्का, बास करा आता," ती हळूच म्हणाली. "दार आत उघडतंय तुमचं. उद्या उघडायचं न्हाई."

सुलभाताईंना भीती वाटत होती. काम चालू ठेवण्याची वाटत होती आणि थांबवण्याचीही. शुक्रवारी त्यांनी छातीवर दगड ठेवून सांगितलं, "मिस्त्री, थांबवा काम."

"थांबवतो की." मिस्त्रींनी थापी धुतली. "बावन्न हायत. सम."

सुलभाताईंचा जीव टांगणीला लागला. त्यांनी पायऱ्यांवरून वर पाहिलं. वरचं टोक आता दिसत नव्हतं.

"घाला एक," त्या म्हणाल्या.

शनिवारी सकाळी मिस्त्री आणि महादेवी बाहेर होते. दार उघडतच नव्हतं. दाराशेजारच्या खिडकीच्या गजांतून मिस्त्रींचे हात तेवढे आत येत होते, थापी घेऊन, ओळंबा घेऊन. आत शेवटची पायरी आणि दार यांच्यामध्ये दहा इंचांची फट राहिली होती, आणि त्या फटीत सुलभाताई पाठ दाराला लावून उभ्या होत्या.

"सुलभा, निघालो गं!"

आवाज एवढ्या लांबून आला की पोचेपर्यंत त्याला वेळ लागला.

"अहो, थांबा! ओलं आहे अजून!"

"डॉक्टरांनी शनिवार म्हटलंय. उजवा पहिला. एक!"

काठीचं रबर वाजलं. मग दोन. मग तीन. रंगनाथराव गाड्यांचे नंबर पुकारावेत तसे आकडे पुकारत उतरत होते. सुलभाताईंनी खिडकीकडे मान वळवली.

"किती झाल्या, मिस्त्री?"

"चौसष्ट. एक कमी पडतीया."

"मग घाला ना!"

"कुठं घालू, वैनी? तुमी हुब्या हाय तेवढीच जागा हाय."

वरून आवाज आला, "एकेचाळीस!" दम लागलेला होता, पण आवाज धडधाकट होता. दोन महिन्यांत तो असा लागला नव्हता. बेचाळीस. त्रेचाळीस.

"उंची किती लागेल?" सुलभाताईंनी विचारलं.

"सहा इंच."

त्यांनी पदर खोचला. निऱ्या घोट्याशी घट्ट गुंडाळल्या, बांगड्या वर सारल्या आणि दार व पायरीच्या मधल्या फटीत त्या आडव्या झाल्या. फरशी गार होती. खांदा बसला, कंबर बसली, डोकं कोपऱ्यात नीट बसलं. खिडकीतून मिस्त्रींचा हात लांब होऊन खाली आला. त्याने त्यांच्या अंगाला टेप लावला आणि मग बुडबुड्याची लेव्हलपट्टी ठेवली.

"सहा भरलं," मिस्त्री म्हणाले. "बुडबुडा मधी आलाय. हलू नका."

"बासष्ट."

काठीचं रबर. पट्ट्याची चप्पल. सुलभाताईंनीच दिवाळीत आणलेली.

"त्रेसष्ट. चौसष्ट." रंगनाथराव थांबले. डावा पाय शेवटच्या पायरीवर होता. इथला अंधार त्यांच्या सवयीचा नव्हता. त्यांनी काठीने पुढे चाचपून पाहिलं, आणि काठी मऊ लागली.

"सुलभा? अजून एक आहे का गं?"

"आहे," सुलभाताई म्हणाल्या, आणि बुडबुडा हलू नये म्हणून त्यांनी श्वास धरला. वर उजवी चप्पल उचलली गेली.