परत आलेली सतरंजी

मित्रांनो, मी सतरंजी. जुनी आहे हे वेगळे सांगायला नको, माझ्यावर बसाल तर खालची फरशी तुम्हाला लागेलच. सध्या माझा मुक्काम अकोला जिल्ह्यात बाळापूरला आहे, एका बंद पडलेल्या मागाशेजारी. इथेच माझा जन्म झाला आणि फिरून फिरून मी इथेच आले. मधल्या काळात माझ्यावर किती माणसे बसली आणि उठली, ते मी मोजलेले नाही. पायाखाली राहणाऱ्याला हळूहळू काही वाटेनासे होते. म्हणून ही हकिकत मी सरळ सांगते, रडगाणे गाणार नाही.

मला विणले अब्दुल गफ्फार यांनी. तेव्हा त्यांची दाढी काळी होती. जाड सूत, लाल आणि निळे पट्टे, आणि लोखंडी पंजाने ठोकून ठोकून बसवलेली वीण. ते ठोके खाताना मी पुष्कळ कुरकुरले, पण त्यांच्याच जोरावर इतकी वर्षे टिकले. विणून झाल्यावर त्यांनी माझ्या एका कोपऱ्यात बोटभर हिरवा धागा घातला. त्यांचे वडील घालत, म्हणून तेही घालत. अक्षरओळख नसलेल्या घराची ती सही होती. यात्रेत शेजारच्या दुकानांच्या मालात आपला माल मिसळला, तरी गफ्फारभाई कोपरा उलटून आपला माल बरोबर वेगळा काढत.

रिद्धपूरच्या यात्रेत मला वलगावच्या खुशालरावांनी घेतले. त्यांच्या पत्नी आशाबाईंनी मला अंगणात झटकले, उलटसुलट करून पाहिले आणि कौल दिला की सतरंजी असावी तर अशी. मग माझे खरे दिवस सुरू झाले. माझ्यावर पंगती बसल्या, साक्षगंधे झाली, भजनी मंडळींनी गुडघे आपटून ताल धरला. खुशालरावांचा किशोर माझ्यावर रांगायला शिकला आणि त्याने मला काय काय प्यायला घातले ते इथे सांगत नाही. लग्नसराईत शेजारीपाजारी मला मागून नेत. आशाबाई कोणाला नाही म्हणत नसत, पण मी परत आले की आधी कोपरा उलटून हिरवा धागा पाहत. आपली ठेवून घेऊन भलतीच पाठवली तर काय घ्या. एवढी माझी किंमत होती.

पुढे खुर्च्या आल्या, प्लास्टिकच्या चटया आल्या. खुशालराव गेले. किशोर अमरावतीला नोकरीला लागला होता, तो आईला तिकडे घेऊन गेला. मीही गेले, पण माझी जागा बदलली. चार घड्या घालून मला कूलरखाली सारले. उन्हाळाभर पाणी ठिबकायचे आणि हिवाळाभर मी वाळायचे. माझे लाल पट्टे विटले, कडा कुजल्या. मला वाईट वाटले का, असे विचाराल तर पहिल्या उन्हाळ्यात वाटले. नंतर नाही.

मग किशोरच्या मुलीचे, आकांक्षाचे, साक्षगंध ठरले. आशाबाईंनी हट्ट धरला की सोयऱ्यांना बसायला जुन्यासारखीच सतरंजी पाहिजे. किशोरने मोबाइलवर शोधले आणि सापडली की हो. तेच लाल निळे पट्टे, कोपऱ्यात तोच हिरवा धागा. नवी घरी आली तेव्हा आशाबाईंनी तिच्यावर दोनदा हात फिरवला. मी कूलरखालून पाहत होते. माझीच बहीण, पण अंगावर एक डाग नाही.

कार्यक्रम आटोपला आणि किशोरने मला ओढून बाहेर काढले. मला वाटले, धुवायला नेतो आहे. त्याने मला नव्या सतरंजीच्या पिशवीत दाबून भरले आणि मोबाइलवर लिहिले की माल जुना आणि खराब निघाला, पैसे परत द्या. आशाबाई दारात उभ्या होत्या.

"कोनाचं नुकसान तं नाही होत नं रे?" त्यांनी विचारले.

"कंपनीचं जाते माय. कोनाच्या घरचं नाही जात."

आशाबाई आत गेल्या. मी निघाले.

पिशवी उघडली ती बाळापुरात. समोर होती सबीहा, गफ्फारभाईंची सून. तिचा नवरा दानिश ट्रक चालवतो आणि क्वचित घरी असतो. गफ्फारभाईंचा एकच माग उरला होता आणि तो चालत होता तो सबीहाच्या मोबाइलवरच्या दुकानामुळे. हे लोक घरात उर्दू बोलतात, पण मी वलगावात वाढले, मला वऱ्हाडीच येते, म्हणून त्यांचे बोलणेही मी माझ्याच बोलीत सांगते.

सबीहा आता गिऱ्हाइकाला वासावरून ओळखायची. माल घेण्याआधीच परत घ्याल ना, असे तीनतीनदा विचारणाऱ्याला ती फोन करून नीट चौकशी करायची. मुहूर्ताच्या तोंडावर मागवून हळदीच्या डागांसकट परत पाठवणारे तिने पुष्कळ पाहिले होते. एकदा पिशवीतून नुसती फाटकी पोती निघाली होती. आधी ती अशा वेळी रडायची. आता रडत नव्हती. परत आलेली प्रत्येक पिशवी मोबाइल समोर उभा करून, चित्रण न थांबवता उघडायची, कारण जिच्या ॲपवर तिचे दुकान होते ती कंपनी तेवढेच चित्रण मानते. पाठवतानाचे मानत नाही. आणि या वेळी तिला जपून राहणे भागच होते. जुना माल पाठवल्याची आणखी एक तक्रार खरी ठरली तर दुकान बंद करू, अशी तंबी कंपनीने दिलेली होती.

तिने मला मोबाइलसमोर पसरले. कुजलेली कड दाखवली, कूलरचे डाग दाखवले. आवाज अगदी सपाट ठेवून ती म्हणाली की हा माल आमचा नाही, आम्ही कोरी पाठवली होती.

तेवढ्यात गफ्फारभाई आत आले. दाढी पांढरी झाली होती, पण मी त्यांना पायांवरून ओळखले. ते वाकले. सवयीने माझा कोपरा उलटला. विटलेला हिरवा धागा त्यांच्या अंगठ्याखाली आला.

"हे तं माह्या हातची हाय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता.

मित्रांनो, खोटे कशाला सांगू, त्या क्षणी मला आनंद झाला. इतक्या वर्षांत काहीच वाटत नव्हते आणि तेव्हा वाटले. मी त्यांच्या आयुष्यातली कुठली सतरंजी हे त्यांना आठवतही नसेल, पण हात त्यांचा होता हे त्यांनी ओळखले होते. सबीहाने मात्र डोळे मिटून घेतले. चित्रण चालू होते.

ते थांबवून पुन्हा करता येईना, पिशवीचे सील तुटले होते. तिने जसे होते तसेच कंपनीला पाठवले आणि सोबत सविस्तर लिहिले की ही सासऱ्यांची फार जुनी सतरंजी आहे, आम्ही आता पाठवलेली नव्हे. दोन दिवसांनी कंपनीच्या माणसाचा फोन आला. तुमच्या दुकानाच्या पानावर तुम्हीच लिहिले आहे, की कोपऱ्यातला हिरवा धागा ही आमच्या मालाची ओळख. मग या जुन्या सतरंजीत तो कसा? सबीहाने सगळे पुन्हा समजावले. माणूस म्हणाला, विणणाऱ्यांनाच फोन द्या. हा तुमचा माल आहे की नाही, एवढेच त्यांना विचारायचे आहे.

तिने मोबाइलवर हात ठेवला.

"अब्बा, फक्त नाही म्हना. लय सांगू नका. नाही म्हना, बस."

"माह्या हातची हाय तं नाही कसं म्हनू, बेटा?"

"दुकान जाईन अब्बा. माग जाईन."

गफ्फारभाईंनी फोन घेतला आणि हळू आवाजात सांगितले की हो, आमचीच आहे. ती केव्हाची आहे हे सांगायला त्यांनी तोंड उघडले, पण पलीकडून आभार मानून फोन ठेवला गेला होता.

दुकान बंद झाले. सबीहा सासऱ्यांवर ओरडली नाही. तिने सेलोटेपची रिळे, रिकाम्या पिशव्या एका खोक्यात भरल्या आणि खोके माळ्यावर टाकले. आता ती बाजारातल्या एका कापडाच्या दुकानात दिवसभर उभी असते. तिथे कोणी कापड परत आणले की ती न बोलता घेते. मागावर अर्धवट विणलेला ताणा तसाच आहे, त्यावर धूळ बसते आहे. ज्या खुणेने आशाबाई चोर पकडणार होत्या, त्याच खुणेने हे घर बसले.

अमरावतीच्या घरात माझी बहीण आता दिवाणासमोर पसरलेली असेल. किशोर वाईट माणूस नाही, लहानपणी तो माझ्यावर झोपायचा. त्याला एवढेच माहीत नव्हते की कंपनीच्या मागे एक माग असतो. मित्रांनो, तुम्हीही कधी काही परत पाठवाल, त्याला माझी हरकत नाही, माल खराब निघाला तर जरूर पाठवा. फक्त पिशवीचे तोंड बंद करण्याआधी एकदा आत हात घालून पाहा, की आपण जे पाठवतो आहोत ते खरेच त्यांनी आपल्याला दिले होते का.

दुपारी गफ्फारभाई येऊन माझ्यावर बसतात. त्यांचा हात सवयीने पंजाकडे जातो आणि मांडीवर परत येतो. परवा माझा हिरवा धागा सुटायला आला होता. त्यांनी सुई मागून घेतली, चष्मा लावला आणि तो पुन्हा पक्का केला. सबीहा दारातून बघत होती. कोणी विचारले, तर ते आजही हेच सांगतील की ही माझ्या हातची आहे.