मधल्या खिळ्यावरचा 'इज'

मित्रांनो, हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे मला दम लागतो. मी एक जुना 'इज' आहे. हो, इंग्रजीतला तोच. वर्गाच्या भिंतीवर मधल्या खिळ्याला टांगलेली लाकडाची वीतभर पट्टी. अंगावर दोनच अक्षरे, तीही निम्मी उडालेली.

माझे मूळ मात्र थोर आहे. ज्या टेबलाच्या पायातून मला कापले, त्या टेबलावर म्हणे एकदा हत्ती बसला होता. मला तो आठवत नाही, पण पाठ अजून दुखते, म्हणजे बसला असणारच. इंग्रजीच्या बाईंचे थोरले भाऊ सुतार. त्यांनी मोडक्या टेबलाचे तुकडे केले, घासले, भोके पाडली आणि बाईंनी एकेका तुकड्यावर शब्द रंगवला.

भिंतीवर खिळे तीन. डावीकडे कर्ता, मध्ये क्रियापद आणि उजवीकडे वाक्य पुरे करणारा शब्द. माझे भाऊबंद भलते रुबाबदार. 'ईट' आला की त्याला उजवीकडे खायला लागे, 'किक'ला चेंडू लागे. त्यांच्यात कर्ता निराळा आणि कर्म निराळे. मी काहीच करत नाही. खात नाही, लाथ मारत नाही. डावीकडच्याचा हात उजवीकडच्याच्या हातात देतो आणि गप्प उभा राहतो. उजवीकडे 'हॅपी' येवो की 'डॉक्टर', ते डावीकडच्या माणसाविषयीच असते. बाई त्याला पूरक म्हणत. "चेंडू लाथाडला की लांब जातो," त्या सांगत, "पूरक कुठे जात नाही. माणसाला चिकटून बसतं. जपून निवडा." मुले माना डोलवत आणि पुन्हा 'किक' मागत.

तरी सगळ्यांत जास्त राबलो मीच. कारण बाईंनी एक प्रथा पाडली होती. रोज एकाची पाळी. त्याने डावीकडे आपल्या टोपणनावाची पट्टी टांगायची, मध्ये मला, आणि उजवीकडे आपण आज कसे आहोत तो शब्द. नावे तेवढी आपल्या लिपीत, बाकी सगळे इंग्रजीत. नियम एकच, 'ज्याचं नाव त्याचा हात.' दुसऱ्याने लावायचे नाही, काढायचेही नाही. माझे कौतुक तेव्हा फार. "इजशिवाय पान हलत नाही," असे बाई म्हणत आणि फडक्याने मला पुसत.

त्या वर्गात भिंगरी नावाची एक मुलगी होती. एका जागी ठरत नसे म्हणून भिंगरी. ती एकाएकी बाकावर पेंगू लागली. तिच्या वडिलांचे इस्त्रीचे दुकान होते. त्यांचा उजवा हात भाजला होता आणि शाळेआधी इस्त्री तीच फिरवत होती. पण हे तिने कोणाला सांगितले नाही. शेजारी बसणाऱ्या वकिलालाही नाही. वकील म्हणजे वर्गातला मुलगाच. प्रत्येक गोष्टीत हुज्जत घाली म्हणून वकील. एका दुपारी शाळा सुटल्यावर त्याने भिंगरीचे नाव टांगले, मला ओढले आणि माझ्यापुढे 'लेझी' अडकवून पळाला.

दुसऱ्या दिवशी वर्ग खो-खो हसला. बाईंना वाटले, आज पाळी भिंगरीची, काल जाता जाता पोरीने स्वतःचीच थट्टा केली. नियमच तसा, मग शंका कशी येणार? "आली की उतरवेल," त्या म्हणाल्या.

ती आली नाही. त्यानंतरही आली नाही. पुढच्या पाळ्या अडल्या. वाक्य तसेच, आणि ते धरून मी तसाच. मित्रांनो, लाकडाला घाम येत नाही असे ज्याला वाटते, त्याने माझ्या जागी एकदा लोंबकळून पाहावे. येता-जाता वाचून मुलांना ते पाठ झाले. "आळशीच आहे ती, म्हणून येत नाही," असे सगळी बोलू लागली.

एका दुपारी तिचे वडील आले. हाताला पट्टी, बगलेत शाळेचे इस्त्री केलेले पडदे. वर्गात एकटा वकील, विसरलेली छत्री शोधत होता.

"बाई आहेत का रे बाळा? आमच्या पोरीचं नाव काढायचंय शाळेतून. एका हातानं दुकान नाही ओढत." बोलता बोलता त्यांची नजर भिंतीवर गेली. "अरे! भिंगरी! हे तर आमचंच नाव की! भिंतीवर लावलंय म्हणजे काहीतरी मान असणार. पुढचं इंग्रजी आपल्याला येत नाही बुवा. काय लिहिलंय?"

वकील पुन्हा बाकाखाली वाकून छत्री शोधू लागला. मी सगळा जोर लावून भिंतीकडे तोंड फिरवायला बघितले. केसभर हललो. कोणी म्हणेल वाऱ्याने, म्हणू द्या.

"हुशार," वकील पुटपुटला. "हुशार आहे, असं लिहिलंय काका."

त्यांनी चांगल्या हाताच्या बाहीने मला पुसले. "कार्टी घरी बोललीसुद्धा नाही! मग राहू दे नाव. बघतो, कोणी हाताखाली मिळतंय का चार दिवस. नाहीच मिळालं तर येतो परत."

ते गेले आणि वकिलाने 'लेझी'कडे झेप घेतली. दारात बाई उभ्या.

"हात खाली! ज्याचं नाव त्याचा हात."

"पण बाई, ते तिनं नाही लावलं."

"मग कोणी?"

वकील वकिली विसरला. "मी." आणि काका आले होते तेही त्याने सांगून टाकले.

बाई बाकावर बसल्या. "आणि मी रोज त्याच्याखाली उभी राहून शिकवत होते," त्या म्हणाल्या. "तू नाही काढायचंस. आता तिला घेऊन ये. कसं आणायचं ते तुझं तू बघ."

वकील दुकानात कामाला लागला. पहिल्याच सकाळी त्याने एका सदऱ्याला पाठीवर खिडकी पाडली. मग त्याला फक्त गठ्ठे पोहोचवायला ठेवले. तेवढ्याने भिंगरी सुटली.

ती भिंतीसमोर उभी राहिली. वाचले. कोणी हसले नाही.

"बाबांना हुशार म्हणून सांगितलंस ते हेच?"

"हो," वकील म्हणाला.

"लबाडा!" तिने 'लेझी' काढून त्याच्या हातात कोंबला आणि शब्दांची पेटी उपसायला घेतली. वकिलाने घाईने 'क्लेव्हर' पुढे केला. "हे लाव ना, म्हणजे काकांना सांगितलेलं खरं होईल."

"नको. बाई, दमलेलीला काय म्हणतात?"

"टायर्ड."

पेटीत तो शब्दच नव्हता. इतक्या वर्षांत तो रंगवावा असे कोणाला सुचलेच नव्हते. सुतारांनी पट्टी कापली, बाईंनी रंगवली आणि ओला रंग सांभाळत भिंगरीने ती माझ्यापुढे टांगली. आयुष्यभर मी काय काय पेलले, पण इतके हलके वाक्य दुसरे नाही.

आता भिंतीवर छापील तक्ते आहेत. माझे भोक झिजून फाटले आणि मी पेटीत तळाशी पडून असतो. मित्रांनो, मला नाही म्हणायला तोंड नाही. जे द्याल ते मी धरतो, खरे असो की खोटे. म्हणून कोणाच्या नावापुढे शब्द अडकवण्याआधी त्याच्या घरचे दोन गठ्ठे उचलून बघा.

आणि कधी ही पेटी उघडलीत तर एक उपकार करा. मधल्या खिळ्यासाठी दुसरा एखादा 'इज' शोधा. मला एकदाच डावीकडे टांगा. उजवीकडे काय लावायचे ते तुम्हाला ठाऊक आहे, भिंगरीची पट्टी पेटीतच आहे.