मिठाला जोडीदार

“सांड ते पाणी!” दगडाबाईनं सुनेच्या हातातला तांब्या हिसकावला आणि मोरीत उपडा केला. “जुलाबानं न्हाय मेलं माणूस, तर तू साखरेनं मारशील व्हय गं भैरवे?”

त्यात भैरवीनं शेजारून मागून आणलेली साखर होती. पहाटेपासून सासरे, आबाराव, जुलाबानं पार पिळून निघाले होते. तिचा नवरा उमाशंकर जीप आणायला परंड्याला गेला होता. तो येईपर्यंत मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा, असं नर्सबाईनं फोनवर बजावलं होतं.

म्हणे साखर! आबारावांना शुगर निघाल्यापासून साखरेचा डबा कुलपात आणि किल्ली दगडाबाईच्या कमरेला होती. पोळ्याला पुरणाचा कण त्यांच्या ताटात पडू दिला नव्हता तिनं. जावेनं एकदा त्यांना गोड चहा दिला, तर वर्षभर तिच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नाही. माणूस टिकवला तो तिनं, डॉक्टरानं नव्हे.

तिनं नुसतं मिठाचं पाणी केलं. पाजलं. पुन्हा पाजलं. जेवढं आत जाई, तेवढं बाहेर येई. ती उठे, फाटकापर्यंत जाई, रस्ता बघे, परत येऊन बसे, की पुन्हा उठे. आबारावांची जीभ लाकडासारखी झाली. पोटऱ्यांत गोळे येऊ लागले.

“आत्या, ऐका तरी. आतड्यातल्या पेशींना बारीक दारं असत्यात. तिथं एक दार असं हाय, की मीठ एकटं आलं तर उघडत न्हाय. संगं साखर लागती. दोघं जोडीनं आत गेली, की पाणी त्यांच्या मागनं आपसूक जातंय.”

“तू गेली हुतीस दारं बघायला?”

“बारावीला शिकलेय. शुगरवाल्यालाबी हेच द्यायचं, नर्सबाई म्हणल्या. शुगर मागनं तपासता येती, आत्या. माणूसच गेल्यावर काय तपासायचं?”

दगडाबाईच्या जिभेवर शिवी आली होती. तेवढ्यात आबारावांनी डोळे उघडले, तिच्याकडं पाहिलं आणि विचारलं, “कोण बाई तुमी?”

दगडाबाईचा हात कमरेच्या किल्लीला गेला.

“किती चमचे म्हणलीस?”

“लिटरभर पाण्याला सहा साखर, अर्धा मीठ. द्या, म्या करते.”

“सर बाजूला. ह्या घरात साखरेला हात माझाच लागंल.”

चमचा-चमचा ती पाजत राहिली. आबारावांनी ओठ चाटले. “ग्वाड हाय.”

“औषध हाय. गप प्या.”

दुपार कलली, जीप अजून आली नव्हती, पण आबाराव कोपरावर उठू लागले. “दगडे, लघवीला लागलीया.”

सकाळपासून पहिल्यांदाच; पाणी अंगात मुरलं होतं. भैरवी भांडं आणायला धावली.

“भांडं नगं. त्यांला तसं जमत न्हाय.”

दगडाबाईनं त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला. फाटकाशी शेजारणी जमल्या होत्या. चारचौघांत नवऱ्याच्या शेजारी कधी न बसलेली ती बाई त्याला कवेत धरून भर अंगणातून चालली. कोपऱ्यातल्या निंबाशी पोचल्यावर ती शेजारणींवर खेकसली, “त्वांडं फिरवा की तिकडं!”

सगळ्यांनी तोंडं फिरवली. मग तिनंही फिरवलं. हात मात्र सोडला नाही.