शीळफाट्याला कोण गायलं

डॉक्टरांनी मुलाला, प्रेमला, बाजूला घेतलं, तेव्हाच मायाबाईंना कळून चुकलं की आता फार दिवस नाहीत. मरणाची भीती त्यांना फारशी वाटली नाही. जिवाला लागलं होतं ते वेगळंच. मानपाड्याच्या त्यांच्या चाळीत कुणी गेलं की पुण्यानुमोदनाला माणसं उठून दोन शब्द बोलत, आणि बाई असली की ठरलेलंच: कष्टाळू होती, सोशिक होती. आपल्याबद्दलही तेच बोलणार. लग्नाआधी त्या भीमगीतांच्या गायन पार्टीत गायच्या, हे नवऱ्याला नुसतं ऐकून माहीत होतं.

"मी गेल्यावर कुणीतरी सांगावं रे, ही गायची म्हणून," त्या प्रेमला म्हणाल्या. "स्वप्ना सांगेल. आम्ही दोघी एकाच पार्टीत होतो."

स्वप्ना आता घोडबंदर रोडला लेकाकडे राहायची. रविवारी प्रेमने गाडी केली. विसाव्या मजल्यावरच्या त्या घरात स्वप्ना मैत्रिणीच्या गळ्यात पडून रडली. मग जुन्या गोष्टी निघाल्या. तिला सगळं लख्ख आठवत होतं.

"शीळफाट्याचा कार्यक्रम आठवतो?" मायाबाईंनी धीर करून विचारलं. "लाइट गेलेले, माईक बंद. तरी मी गात राहिले. माणसं जागची हलली नाहीत."

"अगं, ती कल्पिता!" स्वप्ना हसली. "तसा आवाज तिचाच होता. तू न् मी मागे कोरसला होतो ना. विसरलीस?"

"मीच होते गं..."

स्वप्नाने त्यांचा हात थोपटला, आजारी माणसाचा थोपटतात तसा. कल्पिता केव्हाच वारली होती. पार्टीतलं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

परतताना गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली. मायाबाईंनी त्या गाण्याची पहिली ओळ मनाशी धरली, तोंड उघडलं, तर खोकल्याची उबळच आली. प्रेमने पाण्याची बाटली पुढे केली.

"आई, तूच गायलेलीस. मी सांगेन ना सगळ्यांना."

"तू ऐकलंयस का?"

प्रेम बाटलीचं झाकण लावत राहिला.

"मग राहू दे."

त्यांनी डोळे मिटले. शीळफाट्याचा तो अंधार दिसला, बंद माईक दिसला. माईकसमोर आता कल्पिताच उभी होती. मागच्या बायकांत त्या स्वतःचा चेहरा शोधत राहिल्या.