गुडघ्याचे मार्क

यवतमाळच्या एका खासगी दवाखान्याने गुडघेदुखीवर नवा उपचार सुरू केला होता. आपलंच रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं आणि त्यातला पिवळा भाग गुडघ्यात टोचायचा. तो खरंच लागू पडतो का, हे तपासायला त्यांना आमच्या बोरी अरब गावातलंच कुणी हवं होतं. मी त्या कामाला लागले. घरोघर जाऊन विचारायचं, दुखणं शून्य ते दहात किती? सुईआधी आठ-नऊ सांगणाऱ्या बाया तीन महिन्यांनी दोन-तीन सांगत. चौतीस फॉर्म असे भरले आणि मी हुरळून गेले. माझ्या सासूबाई कांताबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, नको नको म्हणत होत्या, तरी मागे लागून परवा त्यांनाही सुई टोचून आणली. वर शहाणपणही मीच शिकवलं.

आज पस्तिसावा फॉर्म होता, भागीरथाबाईंचा. एरवी मी आवाज देऊन जाते. आज दार उघडं दिसलं म्हणून तशीच आत शिरले. बाई बसल्या बसल्या सरकत चुलीकडे चालल्या होत्या. मला पाहून ओशाळल्या आणि म्हणाल्या, दोन लिही.

दोन कसे, मी विचारलं. तुम्हाला तर उभंही राहता येत नाही.

"तू आपल्या गावची सून," त्या म्हणाल्या. "दुखते म्हटलं त डाक्टर तुले बोलन. नोकरी जाईन तुही. आमी साऱ्या बाया असंच सांगून राह्यलो."

सगळं गाव मला पास करत बसलं होतं आणि त्या मार्कांच्या भरवशावर मी सासूचे गुडघे पुढे केले होते. खरंच बरं कुणाला वाटलं, हे आता कोणत्याच फॉर्मवरून कळणार नव्हतं.

कालपासून आत्याबाईही विचारलं की 'बरं हाय' म्हणत होत्या. पण सकाळी त्यांनी चहा खाटेवरच मागितला होता. असं त्यांनी बाळंतपणातही केलं नसेल. मी मूर्खासारखी चहा देऊन कामाला निघून आले होते. आता घराकडे पळत सुटले. वाटेत कोण काय बोललं, काही ऐकू आलं नाही. सगळ्यात जास्त भीती वाटत होती ती त्यांना विचारायची, कारण उत्तर मला पाठ होतं.

म्हणून विचारलंच नाही. खाटेशी बसले, लुगडं वर सारलं आणि उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा टम्म सुजला होता, तव्यासारखा तापला होता. अंगातही ताप होता. मी नवऱ्याला, अश्वजितला, ऑटो बोलवायला ओरडून सांगितलं.

आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. थंडीने त्यांचे दात वाजत होते.

"पहिले तो कागद भर," त्या म्हणाल्या. "बरं हाय म्हून लिह्य. मंग ने मले दवाखान्यात."