तेवीस जर्स्या

लोधीखेड्याचा वामन ढोके सतरा वर्षं भारताच्या फुटबॉल टीमबरोबर देशोदेशी हिंडला, पण खेळायला म्हणून मैदानावर कधी उतरला नाही. तो किटमॅन होता. जर्स्या धुवायच्या, वाळवायच्या, नंबराप्रमाणे टांगायच्या, बुटांच्या तळाचे स्टड आवळायचे, सामना संपला की सगळं गोळा करायचं.

ऑक्टोबरात आशिया चषकाची वाट बंद झाली. सामना आपल्याच मैदानावर होता आणि समोर एखाद्या जिल्ह्यापेक्षाही लहान देश. एका गोलाने हरलो. ड्रेसिंग रूममध्ये कोणी कोणाला दोष दिला नाही. कर्णधार बूट न काढता कितीतरी वेळ बसून होता आणि वामन पिशवी घेऊन त्याच्यासमोर उभा होता. शेवटी कर्णधाराने अंगातली जर्सी काढली आणि वर न बघता पिशवीत टाकली. एरवी सामन्यानंतर दोन-चार जर्स्या कमीच भरायच्या. पोरं समोरच्या टीमशी बदलून घ्यायची. त्या दिवशी तेवीसच्या तेवीस परत आल्या. वामनने पुन्हा मोजून पाहिल्या. आपल्याला वाईट वाटायला पाहिजे, हे त्याला कळत होतं. पण काही वाटलं नाही. हात नेहमीसारखे घड्या घालत राहिले.

पुढचा कॅम्प कधी, ते फुटबॉल फेडरेशनच्या ऑफिसात कोणालाच नक्की सांगता येत नव्हतं. "कळवू," एवढंच म्हणाले. उसवलेलं किट वामन नेहमी सौंसरच्या भाऊराव टेलरकडून नीट करून आणायचा, म्हणून जर्स्यांची बॅग त्याच्याबरोबरच घरी आली. पुष्पाने, त्याच्या बायकोने, ती पलंगाखाली सरकवून ठेवली.

घरी संत्र्याचा तोडा चालू होता. थोरले भाऊ रघुनाथराव बाग बघायचे. त्यांनी दुसऱ्याच दिवशी वामनला निवडीला बसवलं. मोठी फळं एका क्रेटमध्ये, बारीक दुसऱ्यात, डागी बाजूला. वामन सकाळपासून संध्याकाळपर्यंत निवडत बसायचा. जेवायला बोलावलं की जेवायचा. आधी तो सुट्टीवर आला की दारात माणसं यायची. कोणाला भाच्यासाठी जर्सी पाहिजे, कोणाला नुसता फोटो. यंदा कोणी काही मागितलं नाही. ते त्याच्या ध्यानात आलं, तेही आठवड्याने.

एकदा सौंसरला चहाच्या ठेल्यावर रिटायर झालेले हेमंत मास्तर भेटले. तरुणपणी स्वतः खेळलेला माणूस. ते बोलतच राहिले.

"बासष्ट साली आशियात सोनं आणलं होतं आपण, वामन. आता जगात दीडशेच्या घरात जाऊन राहिलो. कायच्यानं झालं हे? तू तं आतला माणूस."

वामनने मास्तरांच्या कपाकडे पाहिलं. मग म्हणाला, "चाय थंडी होऊन राहिली, सर."

त्याला थट्टा करायची नव्हती. दुसरं काही सुचलंच नाही. मास्तरांनी मात्र मनाला लावून घेतलं. त्यांनी चहा संपवला आणि ते निघून गेले.

दिवाळी झाली, तोडा आटोपत आला. बागेत शेवटचे क्रेट भरताना रघुनाथराव म्हणाले, "टीम हारली तं तुले काय एवढं? तू काय गोल सोडला का? तू तं कपडे धूत होता."

पुष्पा शेजारीच होती. तिचे हात थांबले. वामन मात्र फळ उलटसुलट करून पाहत राहिला आणि म्हणाला, "हो, दादा."

घरी आल्यावर पुष्पा म्हणाली, "भासरे तुम्हाले एवढं बोलले. तुम्हाले राग नाई आला?"

"नाई आला."

"मले आला."

वामनने तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आपल्या वाट्याचा राग दुसऱ्याच कोणाला तरी यावा, याचं त्याला नवल वाटलं. तेही थोडंच.

जानेवारीत फोन आला. नवे प्रशिक्षक जुन्यांना बाजूला ठेवून तरुण पोरांची टीम बांधणार होते. कॅम्प कोलकात्याला. नवं किट यायला वेळ लागणार होता, तोवर जुन्यावर भागवायचं. पाठोपाठ मोबाइलवर यादी आली. नाव, नंबर, माप. वामनला त्यातलं एकही नाव ओळखीचं नव्हतं. मापं तेवढी त्याने नीट वाचली. स्मॉल, स्मॉल, मीडियम, स्मॉल. बॅगेतल्या जर्स्या मोठाल्या गड्यांच्या होत्या.

रघुनाथरावांना जाणं पसंत नव्हतं. "बागेले आंब्या बहाराचं पानी द्याचं हाय," ते म्हणाले. "अन् तिथं जाऊन पुन्हा हारच पाहाची ना?"

पुष्पा दारातून म्हणाली, "जाऊ द्या त्याह्यले, भासरे." मग वामनला म्हणाली, "जा तुम्ही. इथं राहून तरी तुम्ही इथं कुठं हाय?"

दुसऱ्या दिवशी तो बॅग घेऊन सौंसरला भाऊरावांकडे गेला. भाऊरावांनी एक जर्सी उचलली, यादीतलं माप पाहिलं आणि चष्मा वर केला.

"एवढे बारीक पोट्टे हायेत?"

"एकोणीस-वीस वर्साचे हायेत. बाजूनं कापून टाका."

"कापत नाई," भाऊराव म्हणाले. "आत दाबून टीप मारतो. वर्सा-दोन वर्सात आंग भरन त्याहीचं. मंग उसवता येते."

"दोन वर्सं टिकतीन का, भाऊरावजी?"

"जर्सी का पोट्टे?"

भाऊरावांनी उत्तराची वाट पाहिली नाही. मशीन सुरू झालं. वामन स्टुलावर बसून एकेक जर्सी उलटी करून देत राहिला. संध्याकाळपर्यंत तेवीस झाल्या.

कोलकात्यात तिसऱ्या आठवड्यात सरावाचा पहिला सामना झाला, तिथल्याच एका क्लबशी. तीन-शून्यने हरले. वामनने सवयीने पिशवी फिरवली, जर्स्या घेतल्या. परतताना बस सुरू झाली आणि मागच्या सीटवरच्या पोरांनी गाणं म्हणायला सुरुवात केली. कोणी सीट बडवत होतं, कोणी मिझोरमच्या पोराला शब्द शिकवत होतं. वामन खिडकीबाहेर पाहत बसला. गाणं वाढत गेलं. त्याच्या कानशिलात काहीतरी तापायला लागलं. तो उठला, दांडीला धरून मागे वळला.

"चुप बसा," तो मराठीतच बोलला. "तीन गोल खाल्ले तुम्ही. भारताची जर्सी घालून तीन गोल. अन् गाणे म्हणून राहिले?"

बस शांत झाली. पोरांना शब्द कळले नसतील, पण सूर कळला. सगळ्यात बारका विंगर होता, त्याने मान खाली घातली. थोड्या वेळाने तोच हळूच म्हणाला, "सॉरी, काका. कल और दौड़ेंगे."

प्रशिक्षक पुढच्या सीटवरून वळून वामनकडे पाहत होते.

वामन खाली बसला. ऑक्टोबरपासून अंगात एवढी ऊब आली नव्हती, आणि ती बरी का वाईट, हे त्याला ठरवता येईना.

हॉटेलवर पोचल्यावर त्याने पुष्पाला फोन लावला.

"आज पोट्ट्यायवर वरडलो."

तिने विचारलं, "जोरानं?"

"लय जोरानं."

"बरं केलं," पुष्पा म्हणाली. "जेवले का मंग?"

"जेवतो आता," वामन म्हणाला. खालून फोडणीच्या डाळीचा वास येत होता. त्याने फोन खिशात टाकला आणि जिना उतरू लागला.