भोकावरची चीर

"काप, कोमाद्रे," नेल्मी पुटपुटली. "बघत काय बसलीस? काप."

फिदेलियाने हातातला ऑक्टोपस उलटा केला. डोक्याच्या पिशवीला, कडेशी, बोट जाईल एवढं भोक होतं. साफसफाईच्या टेबलावर आम्ही तिघी. मी समोरच्या अंगाला उभी होते, तरी मला ते स्पष्ट दिसलं. टोपलीला गास्पारची खूण होती. गास्पार हा नेल्मीचा धाकटा, आणि बाप्तिस्म्याला त्याला हातावर घेऊन उभी राहिली होती ती फिदेलियाच. तेव्हापासून या दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतात. आमच्या पुंता सेका गावात हे नातं सख्ख्या बहिणींपेक्षा घट्ट मानतात.

आमच्याकडे ऑक्टोपसला गळ लावत नाहीत. लहान होडीच्या दोन्ही टोकांना लांब बांबू बांधायचे, त्यांच्या दोऱ्यांना खेकडे अडकवायचे आणि होडी वाऱ्यावर सोडून द्यायची. भुकेला ऑक्टोपस खेकड्याला मिठी मारतो आणि वर ओढला तरी सोडत नाही, इतका हावरा. त्याच्या अंगावर साधा ओरखडा नसतो. भोक पडतं ते आकड्याने. तोंडात हवेची नळी धरून तळाला जायचं आणि कपारीत बसलेल्याला आकड्याने ओढून काढायचं, हे त्या भोकाचं मूळ. आणि नोव्हेंबरात कपारीत कोण बसलेलं असतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

आई बसलेली असते. कपारीच्या छताला अंड्यांचे घोस चिकटवते, त्यांच्यावर पाणी फुंकत राहते, पायांनी त्यांची घाण काढते, आणि पन्नास-पन्नास दिवस तोंडात काही घालत नाही. पिल्लं बाहेर पडली की ती मरते. नाकासमोरून खेकडा गेला तरी ती पाय लांबवत नाही, म्हणून बांबूवाल्यांना ती कधी मिळत नाही. आमच्या आज्यापणज्यांनी दयामाया म्हणून ही रीत पाडली असं मी म्हणणार नाही, तेवढे साधू ते नव्हते. पण त्या रीतीमुळे दर ऑगस्टला हंगाम उघडला की समुद्रात काहीतरी शिल्लक असायचं.

फिदेलिया तीस वर्षं या टेबलावर होती. ऑक्टोपस हातात घेतल्याबरोबर सांगायची, "ही आई गं. बघ पोट, कसं कोरडं ठाक आहे. अंगात जीव म्हणून राहिलेला नाही." मग ती दोन बोटांनी तिचं डोकं पुसायची, उगीचच. आम्ही तिची टिंगल करायचो.

सोसायटीचा नियम असा, की भोकाचा माल सापडला तर ज्याच्या टोपलीत सापडला तो पुढचा हंगाम संपेपर्यंत समुद्राबाहेर. वजनकाट्यापाशी निकानोरकाका बसतात, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. पण माल काट्यावर जाण्याआधी आमच्या टेबलावरून जातो. साफ करताना पिशवीला चीर द्यावीच लागते. ती नेमकी भोकावरून दिली, की भोक उरतच नाही.

हे गेल्या साली आम्हाला फिदेलियानेच दाखवलं. भोकं तिच्या लेकाच्या, विल्बर्थच्या टोपलीत येत होती. पहिल्या दिवशी तिचा हात थांबला, तिने एकदा काट्याकडे पाहिलं आणि चाकू चालवला. मी पाहिलं, नेल्मीने पाहिलं. नेल्मी तर काकांना मोठ्याने विचारायची, "काय काका, काकूने आज डब्यात काय दिलंय?" म्हणजे त्यांचं लक्ष तिकडे. आम्ही तिघी हसायचो. आता त्या हसण्याची मला किळस येते.

डिसेंबरात जवळच्या कपारी रिकाम्या झाल्या, म्हणून विल्बर्थ खोल गेला. वर येताना घाई केली, आणि रक्तात हवेचे बुडबुडे झाले. तीन दिवस त्याला शहरात दाबाच्या कोठडीत ठेवलं होतं. तो परत आला, कमरेखालचा विल्बर्थ काही आला नाही. सव्वीस वर्षांचं पोर.

"काप गं," नेल्मी म्हणाली. "काका बघतायत."

"किती खोल जातो तो?" फिदेलियाने विचारलं.

"मला काय विचारतेस? जवळच जातो म्हणाला. छातीएवढं पाणी."

"विल्बर्थही छातीएवढंच सांगायचा."

"अगं, तुझ्यावर जे आलं ते सगळ्यांवर येतं का? अभद्र बोलू नकोस. तुझ्या वेळी मी तोंड उघडलं होतं का? सांग, उघडलं होतं?"

"नव्हतं उघडलंस," फिदेलिया म्हणाली. "उघडायला हवं होतंस."

तिने चाकू खाली ठेवला. ऑक्टोपस दोन्ही हातांत धरून ती काट्यापाशी गेली आणि भोक वर येईल असा तो काकांसमोर मांडला.

काकांनी चष्मा खाली ओढला. "कोणाचा?"

"गास्पारचा. माझ्या धर्माच्या लेकाचा."

मग नेल्मी ओरडली. तिचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "आणि तुझ्याचं काय? सांग ना काकांना, गेल्या साली तुझा चाकू कुठून चालत होता! सांग की!"

"चौदा," फिदेलिया काकांकडे बघत म्हणाली. "विल्बर्थच्या टोपल्यांतले चौदा मी कापले. भोकावरून."

काकांनी टोपी काढली, परत घातली. फिदेलियाच्या नवऱ्याबरोबर ते वीस वर्षं एका होडीत होते. "पोरी, हे तू आता सगळ्यांसमोर बोललीस. म्हणजे मला तुला टेबलावर ठेवता येणार नाही."

"माहीत आहे काका."

"रेमे," काका माझ्याकडे वळले, "तुला माहीत होतं हे?"

मी हातातला ऑक्टोपस धुवत राहिले. तो केव्हाच धुऊन झाला होता. काकांनी पुन्हा विचारलं नाही, आणि ते मला जास्त लागलं.

तेवढ्यात धक्क्यावरून गास्पार आत आला, केस ओलेच. काय झालं ते त्याला आईच्या तोंडावरूनच कळलं. तो फिदेलियाच्या अगदी समोर येऊन उभा राहिला. "वर्षभर घरी बसून काय करू मी? तुझ्या लंगड्याला वारा घालू?"

"घाल," फिदेलिया म्हणाली. "माझ्या घरापर्यंत चालत ये आणि घाल. चालत ये."

तो थुंकून निघून गेला. नेल्मीने तिच्याकडे पाठ फिरवली, ती अजून फिरवलेलीच आहे. फिदेलियाने चाकू धुतला, सोसायटीचा होता, तो टेबलावर ठेवला आणि गेली. रबरी बूट आणि एप्रन न्यायला विसरली.

संध्याकाळी ते घेऊन मी तिच्याकडे गेले. विल्बर्थ दारातल्या झोपाळ्यात पडला होता, आमच्या जाळीच्या झोपाळ्यात. फिदेलिया चुलीपाशी मक्याच्या भाकरी थापत होती. मी बूट कोपऱ्यात ठेवले आणि उभीच राहिले. बस म्हणायला तिला सुचलं नाही. गास्पारचे मित्र दारावरून आरडाओरडा करत गेले होते, त्यामुळे विल्बर्थला सगळं कळलेलं होतं.

"शिव्या दिल्या का गं त्याने?" त्याने आईला विचारलं.

"दिल्या."

"देऊ दे."

मग विल्बर्थ अगदी साध्या आवाजात, मीठ मागावं तसं, म्हणाला, "आई, माझ्या टोपलीतला पहिला आठवतो तुला?"

भाकरी थापणारे हात थांबले. "आठवतो."

"तो का नाही ठेवलास काकांसमोर?"

मला तिथून पळून जावंसं वाटलं. फिदेलियाने पीठ झटकलं, उठली, झोपाळ्यापाशी आली. "वाटलं, एकच असेल रे," ती म्हणाली. "तेवढा एकच असेल असं वाटलं."

त्याने मान हलवली. रागाने की समजून, ते मला कळलं नाही. त्याने डोळे मिटून घेतले.

त्याच्या पायाच्या अंगठ्यावर डास बसला होता, रक्ताने टम्म फुगलेला. त्याला पत्ताही नव्हता. फिदेलिया वाकली, आणि पायाला धक्का लागणार नाही अशा बेताने तिने तो हलकेच उडवून लावला.